पाणी कुठपर्यंत आलं होतं? गावाची आठवण पुढच्या पुराच्या कामी आणायची तर

२०२१ साली गोकुळाष्टमी ३० ऑगस्टला होती. त्या रात्री खान्देशातल्या चाळीसगावच्या दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेत धो धो पाऊस झाला. उजाडेपर्यंत तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या शहरात आणि काठच्या गावांत शिरल्या होत्या. कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. कितीतरी गोठ्यांतली जनावरं दाव्यासकट गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मी काठावरच्या एका गावात ऐंशीच्या घरातल्या एका आप्पांजवळ बसलो होतो. ते म्हणाले, "आमच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, पाराच्या पायरीखाली घर घालू नका म्हणून." मग तिथे घरं झाली कशी? तर रस्त्याचा भराव पडला त्यात पार बुजला. पायरी नेमकी कुठे होती हे दाखवणारं कुणी राहिलं नाही. वडिलांचं वाक्य आप्पांना तोंडपाठ होतं, पण ते ज्या दगडाच्या आधाराने उभं होतं तो दगडच जमिनीखाली गेला होता.

तेव्हापासून गावोगावच्या आपत्तींच्या आठवणी गोळा करण्याच्या कामात मी एक गोष्ट घट्ट धरून आहे. आठवण जागेला बांधलेली हवी. जागा बदलली, बुजली, पडली, तर ती आठवण सोडवून दुसऱ्या जागेला बांधून घ्यायची. तुम्ही शाळेत शिकवत असाल, ग्रामपंचायतीत नव्याने निवडून आला असाल किंवा सुट्टीत गावी आल्यावर काहीतरी करावंसं वाटत असेल, तर हे काम कसं सुरू करायचं ते इथे सांगतो.

सुरुवात एका आपत्तीने, एका वस्तीपासून

गावाचा सगळा इतिहास लिहायला घेऊ नका. तो कधी पूर्ण होत नाही आणि वही अर्ध्यावर राहते. एक पूर घ्या, आणि त्या पुरात बुडालेली एकच आळी किंवा एकच पाडा. पंधरा-वीस घरं. एका उन्हाळ्यात एवढं होतं. ते नीट झालं की बाकीच्या आळ्या स्वतःहून विचारतात, "आमच्याकडे कधी येता?"

बोलण्याआधी कागद

चार दिवस कागदांना द्या. १८८०च्या खान्देश गॅझेटिअरात पुरांची नोंद आहे. १८२२च्या तापीच्या पुरात ६५ गावं पूर्ण गेली आणि ५० गावांचा काही भाग वाहून गेला. १८७२च्या सप्टेंबरात गिरणा आणि पांझरा या दोन्ही नद्या एकदम फुगल्या, एकट्या धुळ्यात ५०० घरं वाहून गेली आणि १५२ गावांना तडाखा बसला. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रं जपलेली आहेत, तिथेही एक दिवस काढा. अलीकडच्या पुरांचे पंचनामे तहसील कार्यालयात असतात. त्यात घरमालक, पडझड, वाहून गेलेली जनावरं, गट नंबर असं सगळं असतं. मागून मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज करा. ग्रामपंचायतीचं ठरावबुक आणि शाळेचं जुनं हजेरीपत्रकही बघा. शाळा किती दिवस बंद होती, हे हजेरीपत्रक गुपचूप सांगून जातं.

कागद बघण्याचं कारण असं की पंधरा-वीस वर्षं गेली की माणसं दोन पूर एकात मिसळतात. तुमच्या हातात दोन-तीन पक्क्या तारखा असल्या की बोलण्याला खुंटी मिळते. पंचनाम्यात न येणाऱ्या गोष्टी मात्र खूप असतात. पाणी कोणत्या बोळातून आलं, आधी काय दिसलं, कोण कुणाला हाक मारत गेलं, हे तिथे सापडणार नाही.

ज्या गोष्टीची आठवण सांगणारं कुणीच उरलेलं नाही, ती कागदावरूनच वहीत घ्या. मार्च १९३८मध्ये सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता. आज तुमच्या गावात तो सांगणारं माणूस भेटणं कठीण, पण या पट्ट्यात जमीन हलू शकते एवढं तरी वहीत असलं पाहिजे.

बसून विचारू नका, चालत विचारा

या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि नवी माणसं इथेच चुकतात. ओट्यावर बसून, फोनचा रेकॉर्डर समोर ठेवून विचारलं की "लई पाणी होतं, असं कधी पाहिलं नाही" एवढंच मिळतं. त्यात खोटं काही नाही, पण त्याच्या आधारावर उद्या कुणाला पळता येणार नाही. त्याच माणसाबरोबर नदीकडून घराकडे चालत या. पाय त्या जागी पोहोचले की तोंड उघडतं. "इथे मी म्हशीला सोडली." "या चौकटीला माझी माय धरून उभी होती." असं आपोआप निघतं.

गेल्या गेल्या एक गोष्ट स्पष्ट सांगा, की हे अनुदानाचं काम नाही. वही घेऊन कुणी दारात आलं की नुकसानभरपाईची यादी चाललीय असंच वाटतं, आणि त्यात लोकांची काही चूक नाही. सांगितलं नाही तर नुकसानीचे आकडे वाढत जातात आणि पाण्याची उंची बाजूला राहते. मी तर दोनदा सांगतो, एकदा सुरुवातीला आणि एकदा निघताना.

भाषा त्यांची ठेवा. अहिराणी येत असेल तर सरळ विचारा, "आप्पा, पानी कोठलगून उनं व्हतं?" म्हणजे पाणी कुठपर्यंत आलं होतं. या एका प्रश्नाला बहुतेक जण बोलण्याऐवजी हाताने भिंतीवर दाखवतात, आणि आपल्याला तेच हवं असतं. नंदुरबारकडे सातपुड्यातल्या पाड्यांवर भिली किंवा पावरी बोलणारं, त्याच पाड्यावरचं माणूस विचारणारं असू द्या. तुम्ही मागे बसून लिहा. मराठीत विचारलं की उत्तरही साहेबाला दिल्यासारखं येतं.

तारीख विचारू नका, सण विचारा. पोळ्याच्या आधी की नंतर? श्रावणातल्या कानबाई उठल्या होत्या का? कपाशीला फुलपात्या होत्या की बोंडं? धाकटा कडेवर होता की चालत होता? अशा तीन-चार खुणांवरून वर्ष आणि महिना पक्का होतो, मग कागदाशी ताडून बघा.

वेळेबद्दल मात्र खोदून विचारा. पाणी पहिल्यांदा कुठे दिसलं? तिथून उंबऱ्यापर्यंत यायला किती वेळ लागला? "चहा ठेवला होता, तो उकळेपर्यंत पाणी ओट्यावर" असं एका मोठमायने, म्हणजे आजीने, मला सांगितलं होतं. कुठल्याही मोजमापापेक्षा मला ते उत्तर जास्त कामाचं वाटतं, कारण त्या घरातल्या सुनेला उद्या किती उसंत मिळेल ते त्यातून कळतं.

बायकांना वेगळं विचारा, पुरुष समोर नसताना. माझा अनुभव असा की पुरुष नदीचं सांगतात, पूल, धरण, कोण वाहून जाता जाता वाचलं. बायका घराचं सांगतात. धान्याच्या कोठीत पाणी कधी शिरलं, चूल किती दिवस पेटली नाही, पिण्याचं पाणी कुठून आणलं, बाळंतिणीला कुठे हलवलं, कागद कोणत्या पेटीत होते आणि ते कसे वाळवले. तयारीसाठी यातलं जवळजवळ सगळं लागतं. शिवाय सून म्हणून आलेल्या प्रत्येक बाईकडे दोन गावांच्या आठवणी असतात, सासरच्या आणि माहेरच्या. माहेर त्याच नदीवर वर असेल तर तिला जे ठाऊक आहे ते तुमच्या गावात दुसऱ्या कुणाला नसतं.

नदीवर पोट असलेली माणसंही विसरू नका. मासेमारी करणारे भोई आणि कोळी, जुन्या होडीवाल्यांची मुलं. पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घेण्याची रीत, चालत आली आहे. तिथे पाटकरी, जागल्या यांचं कामच पाण्यावर नजर ठेवण्याचं. त्या घरांत पाण्याचा रंग आणि आवाज ओळखणारं कुणी ना कुणी अजून भेटतं.

ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांच्याकडे पहिल्या फेरीत जाऊ नका. जाल तेव्हा वही बंद ठेवा. सांगावंसं वाटलं तर ते सांगतील. मध्येच थांबले तर तिथेच थांबायचं, आणि "मग पुढे काय झालं" हा प्रश्न कधीच विचारायचा नाही. रेकॉर्ड करायचं असेल तर परवानगी आधी, आणि नंतर नको म्हणाले तर त्यांच्या समोर पुसून टाका.

उंची मोजायची ती गवंड्याच्या नळीने

गुडघाभर, कंबरभर, छातीभर ही मापं माणसागणिक बदलतात, आणि भीतीने पाणी चार बोटं वाढतंच. म्हणून एका खुणेसाठी एकमेकांशी न बोललेली तीन माणसं हवीत. तिघांनी एकाच वीटेच्या आसपास हात ठेवला तर ती खूण धरा. जुन्या मातीच्या घरांत गाळाची रेघ, ओल चढून फुगलेला गिलावा, देवळीतला गाळ असा भिंतीचाही पुरावा मिळतो.

मग गावातल्या गवंड्याला बोलवा. त्याच्याकडे पाणी भरलेली पारदर्शक नळी असते. नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक पक्क्या खुणेवर, दुसरं समोरच्या भिंतीवर, दोन्हीकडे पाणी एका पातळीला थांबतं. अशी ती उंची शेजारच्या चार घरांवर नेता येते. फक्त हे नदीपासून आडवं, थोड्या अंतरातच करा. पुराचं पाणी नदीच्या उताराबरोबर उतरत जातं, त्यामुळे वरच्या आळीतली खूण खालच्या टोकाच्या आळीत तशीच नेली तर चुकेल. प्रत्येक खुणेची उंची गावातल्या न हलणाऱ्या एका जागेपासून लिहा, उदाहरणार्थ देवळाचा ओटा किंवा शाळेची पायरी. आणि अशा जागा दोन ठेवा, कारण पार बुजतो हे आपण पाहिलंच.

आभाळ कोरडं आणि नदी भरलेली

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते. पूर्णा विदर्भातून येऊन चांगदेवजवळ तिला मिळते. त्यामुळे भुसावळपासून सारंगखेडा-प्रकाशापर्यंतच्या काठावर ऊन पडलेलं असताना पूर येऊ शकतो. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत, ते किती उघडले याची बातमी खालच्या गावासाठी आभाळापेक्षा महत्त्वाची. धुळ्याला पांझरेच्या बाबतीत तेच काम अक्कलपाडा धरण करतं. याउलट तितूर, नवापूरची रंगावली अशा डोंगरातून उतरणाऱ्या लहान नद्या काही तासांत चढतात आणि उतरतात. ऑगस्ट २०१८मध्ये रंगावलीने नवापूर असंच गाठलं.

म्हणून आठवणी विचारताना "आधी काय दिसलं?" हा प्रश्न तुमच्या नदीच्या स्वभावाप्रमाणे विचारा. मोठ्या नदीवर, निरोप कुणी दिला, दवंडी झाली का, भोंगा ऐकू आला का. लहान नदीवर, पाण्याचा रंग कधी बदलला, काटक्या-पाचोळा कधी यायला लागला, दगडांचा गडगडाट ऐकू आला का. उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्याखाली आजचे नंबर. जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७, तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. वरच्या गावातल्या दोघा-तिघांचे मोबाइल नंबरही त्यांच्या परवानगीने घ्या. माझ्या मते गावाला सगळ्यात आधी सावध करेल तो हाच फोन.

आमची कितीतरी माणसं सुरतेला, उधना-लिंबायतकडे राहतात. ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली तेव्हा ती तिथे होती. नदी तीच, तापी. त्यांना फोन करून विचारा. माळ्यावर किती दिवस काढले, पिण्याचं पाणी कसं पुरवलं, मोबाइल कसे बंद पडले. शहरी पुराची आठवण आपल्या घराघरात आहे, आपण ती कधी मागितलेली नाही.

दुष्काळाला प्रश्न वेगळे

पुराची रात्र असते, दुष्काळाची वर्षं असतात. तिथे "काय झालं" असं न विचारता "आधी काय संपलं, मग काय" असं क्रमाने विचारा. १९७२ आठवणारी माणसं अजून आहेत. खडी फोडायला गेलेली, पाझर तलावाच्या भरावावर पाट्या वाहिलेली, सुकडी आणि मिलोची लाल ज्वारी खाल्लेली. त्यांना विचारा, पहिल्यांदा काय विकलं? गुरं कुठे पाठवली? कोणत्या विहिरीने शेवटपर्यंत साथ दिली? ती विहीर नकाशावर मांडा, पण तिच्यावर विसंबण्याआधी आज तिला पाणी आहे का बघून या. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात पाणी इतकं खोल गेलं आहे की बहात्तरची विहीर आज कोरडी असू शकते. तसं असेल तर तेही लिहा. सातपुड्यातल्या पाड्यांवर कोणते कंद, कोणता पाला खाल्ला, कोणता कडू होता आणि तो कितीदा उकळून घ्यायचा, हे बायकांकडून नीट घ्या, आणि ओळखणारं माणूस बरोबर घेऊन झाड प्रत्यक्ष बघा. चुकीचा कंद जिवावर बेततो.

त्याआधीचा १८९९-१९००चा दुष्काळ विक्रम संवत १९५६चा म्हणून "छप्पन्या" झाला. नाव उरलं, त्यातलं शहाणपण गळून गेलं. बहात्तरचं तसं होऊ द्यायचं नसेल तर हाताशी वेळ थोडा आहे. आधी ऐंशीच्या पुढच्या माणसांकडे जा.

मे महिन्यातलं वादळ आणि गारपीट केळीवाल्यांना विचारा, उन्हाची लाट शेतमजूर बायकांना. त्यांच्या कामाच्या वेळा कशा बदलत होत्या, तेवढी दोन पानं पुरतात.

खूण करताना

मिळालेली उंची आता गावात दिसली पाहिजे. ऑइलपेंटचा पट्टा स्वस्त, पण तीन-चार पावसाळ्यांत उडतो. देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीत कोरलेला दगड बसवला तर चांगलं. घरमालकाची परवानगी आणि ग्रामपंचायतीचा ठराव आधी घ्या.

विरोध होईल, हे धरून चाला. घराच्या भिंतीवर पुराची रेघ आली की जागेचा भाव पडेल, पोरीला स्थळ येणार नाही, असं लोक तोंडावर सांगतात. त्यांची भीती खोटी नाही, वाद घालू नका. खासगी घरं सोडा. विजेचे खांब, समाजमंदिर, शाळा, पुलाचा कठडा घ्या.

दगडावर नुसतं वर्ष लिहू नका, काय करायचं तेही लिहा. जपानमध्ये इवाते प्रांतात आनेयोशी नावाच्या वस्तीत एक दगड आहे, १९३३च्या त्सुनामीनंतर बसवलेला. या दगडाच्या खाली घर बांधू नका, असं त्यावर स्पष्ट लिहिलं आहे. लोकांनी ते पाळलं, आणि २०११ची लाट त्या दगडाच्या अलीकडेच थांबली. आपला दगड असा असावा: "२०२१ला पाणी इथपर्यंत. नदीचा आवाज आला की शाळेच्या टेकाडावर. गुरांची दावी सोडा."

आणि एक इशारा मनापासून देतो. जुनी खूण म्हणजे पाण्याची हद्द नाही. नदीपात्रात बांधकाम झालं, पूल आला, भराव पडला, की तेवढ्याच पावसाला पाणी जास्त चढू शकतं. "आमच्या आज्याच्या काळातही इथे आलं नव्हतं" या वाक्याने माणसं घरात थांबतात. म्हणून दगडावर "किमान इथपर्यंत" असे शब्द घाला.

आखजी हाताशी आहे

दरवर्षी हे सगळं पुन्हा बोललं जायला हवं, आणि त्यासाठी नवा कार्यक्रम काढायची गरज नाही. आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पावसाळ्याच्या तोंडावर येते. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, गाणी चाललेली असतात. १ मेची ग्रामसभाही त्याच सुमारास असते. ग्रामसभेत वहीचं पहिलं पान वाचून दाखवा, आणि झोक्यावरच्या बायकांना पुराची गोष्ट त्यांच्या गाण्यात बसवायला सांगा. गाणं तुम्ही लिहून देऊ नका. त्यांचं त्या जुळवतील, आणि जुळलेलं टिकेल.

इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटावर १९०७च्या त्सुनामीनंतर "स्मोंग" हा एक शब्द गोष्टींतून आणि अंगाईंतून चालत राहिला. जमीन हलली, समुद्र मागे सरला की स्मोंग, पळा टेकडीवर. २००४ला जवळपास ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर त्सुनामीत ७ माणसं गेली. शेजारच्या सुमात्रात काय झालं ते जगाला माहीत आहे.

मुलांना मात्र गाण्यावर सोडू नका, चालवा. प्रत्येक मुलाने आपल्या उंबऱ्यापासून उंचावरच्या ठरलेल्या जागेपर्यंत आजीला बरोबर घेऊन जायचं आणि मिनिटं मोजायची. मग तेच अंधार पडल्यावर, बॅटरी घेऊन, कारण पूर रात्रीही येतो आणि वीज आधी जाते. चहा उकळेपर्यंत पाणी आणि आजीला टेकाडापर्यंत जायला बारा मिनिटं, असं निघालं तर त्या घराने आवाज ऐकण्याची वाट बघायची नाही, धरणाची बातमी आली की निघायचं. हा हिशेब घरोघर वेगळा येतो, म्हणून तो मुलांनीच करायचा.

वहीच्या तीन प्रती करा. एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक गावातल्या सगळ्यात उंच घरात. ग्रामपंचायत नदीकाठी असेल तर तिथली प्रत पहिल्या पुरात जाईल, हे लक्षात ठेवा. आवाजाच्या फाइलींना गाव, आपत्ती आणि तारीख अशी नावं द्या आणि एक संच गावाबाहेर, पुण्याला किंवा सुरतेला असलेल्या लेकीकडे पाठवून द्या.

पुढचा पूर ओसरला की

सगळे चिखल उपसत असतील, तुम्हीही उपसा. पण पहिल्या दिवशी एक तास काढा. गाळाची रेघ घर धुतलं की जाते, नाहीतर पुढच्या पावसाने जाते. मोबाइलवर फोटो काढा, शेजारी हात किंवा काठी ठेवून, म्हणजे माप कळतं. शक्य तिथे रेघेवर खिळा ठोका आणि बाजूला पेन्सिलने तारीख आणि पाणी सगळ्यात वर होतं ती वेळ लिहा. रंग नंतर सवडीने देता येतो.